रिकामी गिरणी

१० ऑगस्ट २००९
आत्तीला गिरणीतून उठवून घरी आणलं. मीच भांडले. पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं मरतायत, आत्तीला दमा, वय साठीच्या पुढं — आणि इथं अख्खी शिवाजी पेठ दळणाचे डबे घेऊन तिच्या तोंडावर खोकते. अप्पा म्हणाले, "तुझ्या आत्तीला इचार की." विचारलं. ती म्हणाली, "तू पेपर वाचतीस, तुला कळतंय." मला वाचायला तिनंच शिकवलं. शाळेत घालायच्या आधी, गिरणीत सांडलेल्या पिठात बोटानं अक्षरं काढून. म्हणून माझं ऐकते.
मागच्या खोलीत तिची सोय केली. जेवण घेऊन फक्त मी जायचं. दुसरं कुणी नाही.

११ ऑगस्ट
चिमणाबाई दळण घेऊन आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आक्का कुठं हायत? कोंडलीस व्हय त्यास्नी?"
"कोंडलं नाही, जपलंय."
"लोणचं जपत्यात बाई. माणूस न्हवं."
गिऱ्हाइकं हसली. मी घरी आले.

१३ ऑगस्ट
आत्ती जेवत नाही. तिच्या कानात कायम शिट्टी वाजते. आयुष्यभर गिरणीत बसून लागलेली. कानाचे डॉक्टर म्हणाले होते, याला औषध नाही, फक्त फार शांत जागी बसू नका. म्हणून तर ती गिरणी सोडत नव्हती! पट्टा फिरला, दगड घरघरायला लागला की शिट्टी त्यात बुडते.
हे मला माहीत होतं. विसरले, की भीतीपायी बाजूला सारलं? खरं काय ते लिहायचं तर — बाजूला सारलं.
रेडिओ दिला. म्हणाली, "गाणं वरनं जातंय. शिट्टी आत ऱ्हाती."

१४ ऑगस्ट
मास्कसाठी दवाखान्याबाहेर रांग. धक्काबुक्की. मिळाले. हुंगायला कापूर-वेलचीच्या पुड्यापण आणल्या. आत्तीसाठी काहीतरी केलं असं वाटून बरं वाटलं.

१६ ऑगस्ट
ताट न्यायला गेले, तर आत्ती ते कानाशी धरून चमच्यानं वाजवत होती. मला बघून थांबली. लाजली.
"रुद्रे, मला माणसांत बसीव. मरीन तर मरीन. हितं डोक्यात कोणतरी बसलंय."
"साथ उतरेपर्यंत, आत्ती. थोडे दिवस."
"बरं."
रागावली असती तर बरं झालं असतं.

१७ ऑगस्ट
अप्पांना सगळं सांगितलं. रडू आलं. दुपारी त्यांनी गिरणीच्या दारावर खडूनं 'दळण बंद' लिहिलं, आत्तीला आत नेऊन पोत्यावर बसवलं आणि गिरणी सुरू केली. रिकामी. एक दाणा न घालता! दगडावर दगड. आमच्यात हे पाप. लहानपणी एकदा मी असं केलं म्हणून त्यांनीच मारलं होतं.
जळका वास सुटला. मी म्हटलं, "अप्पा, वरचा दगड उचला थोडा, झिजतोय."
"उचलला की आवाज जातोय. दगडाला परत छिन्नीची टाकी लावता येतीया. माझ्या आक्काला काय लावू?"
आत्ती बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, हात मोकळे. मी किती दिवस तिला असं बघितलं नव्हतं.
अप्पा दारातूनच बटण दाबतात आणि बाहेर पायरीवर बसतात. तेसुद्धा बाजारात जातात, म्हणून मीच त्यांना आत बसू देत नाही.

१८ ऑगस्ट
पुन्हा रांग. पहिले मास्क मळले. पुढची बाई सारखी शिंकत होती. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले.
आत्तीला मास्क लावला. स्वतःचा काढावा लागला — गिरणी चालू असताना तिच्या कानाला तोंड लावून बोललं तरच तिला कळतं. ती आता पोटभर जेवते. बोलते. तिला माझ्याकडून पेपर ऐकायचा असतो. आज अख्खं पान वाचलं, ओरडून.

२१ ऑगस्ट
घसा खवखवतोय. ओरडून वाचल्यामुळं असेल.

२२ ऑगस्ट
आत्तीला ताप. धाप लागलीय. अप्पा रिक्षा आणायला गेलेत.
दळण बंद केल्यापासून गिरणीत बाहेरचं कुणी आलेलं नाही. आत फक्त मी जात होते.