भरलेला तक्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. मुलीच्या देखभालीला माझ्याआधी असलेल्या बाई 'सेट बदलला' असं नुसतं तोंडी सांगत राहिल्या आणि मुलगी दोनदा दवाखान्यात पोचली. म्हणून डॉक्टरांनी रोजची लेखी नोंद मागितली आहे.

घर मात्र छान आहे. थेरगाव, डांगे चौकाच्या मागे, तिसरा मजला, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. मिनल एकोणीस वर्षांची, कमरेला इन्सुलिनचा पंप. पंपाची नळी पोटावरच्या चिकटपट्टीखाली कातडीत शिरते. हा सेट दर तिसऱ्या दिवशी बदलायचा, जागाही बदलायची. जास्त दिवस ठेवला की जागा सुजते, इन्सुलिन नीट जात नाही आणि साखर चढते. वडील जयसिंग चाकणला लाइन सुपरवायझर. मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यात माल तपासणाऱ्या क्वालिटी खात्यात काढली हे कळल्यावर म्हणाले, "क्वालिटीच्या मॅडम घरात आल्या. आता आमचा चहापण रिजेक्ट होणार." चहा खरंच पाणचट होता. तसं सांगितलं. सगळे हसले.

सेट आज बदलला, उजवी बाजू. पट्टीवर पेनाने तारीख घातली.

४ फेब्रुवारी

फ्रिजच्या दारावर जयसिंगनी कंपनीसारखी चेकशीट लावली आहे. तारीख, जागा, सही. महिनाअखेरपर्यंतचे सगळे रकाने भरलेले! मिनल म्हणाली, पप्पा एक तारखेलाच उरकून टाकतात, शिफ्ट सुरू होतानाच शीट भरायची त्यांना सवय आहे.

मला ही सवय चांगली ठाऊक आहे. ऑडिटच्या आदल्या दिवशी मीही अशा शीटवर डोळे झाकून सह्या केल्या आहेत. कागद फाडला, कोरा लावला. बजावलं, आधी काम, मग सही. आणि सही फक्त माझी.

६ फेब्रुवारी

सेट बदलला, डावी बाजू. साखर १४०.

७ फेब्रुवारी

नऊ तारखेचा रकाना भरलेला. बाराचाही. जयसिंगना फैलावर घेतलं. त्यांनी फक्त अक्षरावर बोट ठेवलं.

अक्षर माझं आहे.

कागद पुन्हा फाडला.

९ फेब्रुवारी

कोरा लावलेला कागद सकाळी भरलेला. आजची सहीसुद्धा. मिनलची आई कस्तुरा म्हणाली, "ताई, बदलला की तुम्ही. लिहिलंय ना." पट्टीवर सहा तारीख आहे. तिला दाखवली. तिने कागदाकडेच पाहिलं.

नवं पाकीट फाडलं. सील शाबूत होतं. आत काही नाही. दुसऱ्यातही नाही. खोक्यातल्या नऊच्या नऊ पाकिटांत —

तीन दुकानं फिरले. सेट उद्या मिळेल म्हणतात.

१० फेब्रुवारी, सकाळ

साखर ३८०. उलट्या. पट्टीभोवती लाल, गरम. सुईने इन्सुलिन द्यावं म्हणून फ्रिजमधलं इन्सुलिनचं पेन काढलं. रिकामं. दारावरच्या कागदावर लिहिलेलं, 'पेन — दिलं.' मी लिहिलेलं नाही. मी —

जयसिंग कागद वाचतात आणि निवांत होतात. मुलगी समोर ओकते आहे, आणि ते —

"मावशी," मिनल म्हणाली, "तुम्ही तरी माझ्याकडे बघा."

रिक्षा बोलावली.

दुपार

दवाखाना, तातडीचा विभाग. सिस्टरच्या ताब्यात दिलं — मिनल, शुद्धीवर, साखर ४६०. पंप, चार दिवसांच्या सेटसकट. रिकामी पाकिटं, नऊ. तोंडीही सांगितलं की इन्सुलिन आधी, आत्ता, बाकी नंतर.

ही यादी लिहिलेला कागद घेणाऱ्याच्या सहीसाठी पुढे केला. सिस्टरनी वाचला. म्हणाल्या, झालंय की सगळं.

कागदावर — इन्सुलिन दिलं. सलाईन लावलं. सेट बदलला. माझं अक्षर. शाई अजून ओली.

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. मिनलला अजून कोणी —