चिंचेने घासलेली चकती

खंडेनवमी, संध्याकाळ

आक्का, माझी मोठी बहीण, आज पूजेला घोटीहून आली. मी द्वारका चौकातून झेंडू घेऊन येईपर्यंत तिने पाने, पक्कड, करवत सगळं पुसून पाटावर मांडलं होतं. मधोमध माझी जपानी लोखंडी चकती, तलवारीच्या मुठीपुढे बसवतात ती. चिंचेने लख्ख घासलेली, वर कुंकवाचं बोट.

"लय गंजली होती रे. शस्त्राचीच ना? म्हटलं, आज तरी उजळ दिसू दे."

तो काळपट थर दोनशे वर्षांचा तरी असेल. त्यावरूनच वय ओळखतात. कारागिराची सही नव्हतीच, आता थरही नाही. कुठली, कोणी घडवलेली, कधीच कळणार नाही. ओरडणार होतो. पण तिच्या नखांत तोच गंज अडकलेला दिसला.

माझी बायको सुमन गेल्यावर रिकामं घर खायला उठायचं, म्हणून हा जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. इतक्या वर्षांत त्या वस्तूंच्या कपाटाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आक्काला एसटीत बसवून आलो.

अजून चिंचेचा वास येतोय. तेल लावलं नाही तर उद्या पुन्हा गंजेल. लावलं. कुंकवाची जागा तेवढी सोडून.