शालीत अडकलेला स्क्रू

बंगळूर

सौ. कमळ हिला आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. गुडघा दुखत नाही, म्हणजे फार नाही. गाय व्यायली का?

रविनाचं काम पाहिलं. आपली नात बिनसेलाची स्विस घड्याळं उघडून पुन्हा जोडते. आतली बाजू कुणाला दिसत नाही, तरी तिलाही घासून चकाकी दिलेली असते.

काल तिची परीक्षा होती. मला शेजारी बसू दिलं. एसीच्या गारठ्याने मला शिंक आली आणि नाचणीच्या दाण्याहून बारीक स्क्रू उडाला! सगळे गुडघ्यांवर बसून शोधू लागले. माझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं, असं वाटून मीही शोधायला उठू लागलो.

तेवढ्यात ती ओरडली, "आबा, हालू नको! तसाच बस." तू दिलेल्या शालीच्या लोकरीत तो अडकला होता. तिने चिमट्याने अलगद उचलला.

परीक्षा घेणारे सर हसून म्हणाले, "हे कुठे शिकलीस?"

"आजीबरोबर तांदूळ निवडताना."

पास झाली गो!

निवडायला वेळ लावते म्हणून तू तिला किती बोलायचीस. दिवाळीला येईल तेव्हा सूप तिच्या हाती दे, आणि घाई लावू नको.

तुझी काळजी करणारा,
कान्हा