माझ्याशी कधी भांडला नाहीत

सर, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी मी वर्गातल्या त्या एका मुलावर जळते. चाळिशी उलटली, पिंपरीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, विरचनावाद, म्हणजे ठाम वाटणारे शब्द उलगडून तपासणं, आणि लोकशाही यावर माझं पुस्तकही आहे. पण पोटात दुखायचं ते दुखतंच. राजगुरुनगरच्या कॉलेजात तुमच्या वर्गात आम्हा दोघांना तुम्ही एकच विषय दिला होता, 'माझं गाव आणि लोकशाही'. मी लिहिलं, आमच्याकडे निवडणूक बिनविरोध होते, सगळे एकविचाराने सरपंच ठरवतात, याहून चांगली लोकशाही कुठली! सरपंच माझे वडीलच होते. तुम्ही खाली 'छान' लिहून वही परत दिलीत.

तो परभणीकडचा, महाळुंग्यात भाड्याच्या खोलीत राहायचा, कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून थेट वर्गात यायचा. त्याने लिहिलं होतं की गावाच्या 'सगळे'मध्ये आम्ही कामगार नसतोच. मला वाटलं, आता तुम्ही याला डोक्यावर घेणार. पण मी स्टाफरूमच्या दारात हजेरीपट घेऊन उभी आहे आणि तुम्ही त्याच्यावर ओरडताय, "अरे गाढवा, गावाने तुला बाहेर ठेवलं ते बरोबर दिसलं तुला! तुझ्या 'आम्ही कामगार'मध्ये त्या कंत्राटी पोरी कुठायत? कुणाला तरी वगळल्याशिवाय 'सगळे' म्हणताच येत नाही. म्हणून तो शब्द पुन्हा पुन्हा उसवायचा. लोकशाही कधी पुरी होत नाही, बाबा." तो म्हणाला, "मला नाय पटत, सर." तुम्ही त्याच्यासाठी खुर्ची ओढलीत, चहा मागवलात. त्या गाढवाचा मला इतका हेवा वाटला की हजेरीपट तिथेच ठेवून निघून आले. पुढे मला पहिला वर्ग मिळाला, तो कसाबसा पास झाला. आणि माझ्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुम्ही त्याला झापताना मी ऐकलेलं आहे. सरपंचाची मुलगी म्हणून मला सांभाळून घेतलंत, की माझ्याशी भांडण्यात अर्थ नाही असं वाटलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्यांनी व्याख्यानाला नेमकं त्यालाच बोलावलं. चाकणच्या एका कंपनीत तो युनियनचं काम करतो. सांगत होता, "कमिटी बिनविरोध होत होती, राव. मीच अडून बसलो, कंत्राटी बायांनापण मत पायजे. वर्षभर भांडून मिळवून दिलं, तर त्यांनी मलाच पाडलं! आमचे सर, तुमच्या मॅडमचेपण, माझ्याशी लय भांडायचे; ते असते तर म्हणले असते, आत्ता जरा जमायला लागलं." पोरं हसली. तुम्ही अगदी असंच म्हणाला असतात, आणि हे त्याला माहीत होतं.

नंतर चहा घेताना एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, सर तुमच्याशीपण असेच भांडायचे?" तो शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "रोज." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम लय हुशार होत्या," एवढंच म्हणाला आणि कप ठेवायला गेला.

हे पत्र निदान त्याला तरी दाखवावं, असं दोनदा मनात आलं. दाखवणार नाही. वाचून तोही भांडला नाही तर?