जानवशातल्या गाद्या

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शाळा सुटल्यावर सरळ हडपसर. ऋचाच्या लग्नात वरपक्ष उतरणार त्या हॉटेलच्या खोल्या पाहिल्या. हे म्हणाले, "अगं, रेटिंग चांगलं आहे." रेटिंग देणाऱ्यांनी गाद्या उलटून पाहिल्या होत्या का? मी पाहिल्या. शिवणी, पलंगाच्या फटी, सगळीकडे मोबाइलचा टॉर्च. मॅनेजर दारात उभा. "मॅडम, आपण इन्स्पेक्शनला आलात का?" म्हटलं, "नाही. मुलीची आई." त्याने पुढची खोली उघडून दिली.
एकही ढेकूण नाही. हायसं वाटलं. नववीला विज्ञान शिकवते, पण जिवंत ढेकूण लहानपणानंतर पाहिलेला नाही.

१७ नोव्हें., सोमवार
नणंद येऊन गेली. "वरपक्षाला हॉटेलच्या त्या पातळ फोमवर झोपवणार? जानवसा आहे वहिनी, वसतिगृह नव्हे." पटलं. पुणेकरांच्या आतिथ्याची कीर्ती अमरावतीपर्यंत पोचलेली असणारच, त्यात भर नको. बिबवेवाडीच्या मांडववाल्याकडून कापसाच्या जाड गाद्या भाड्याने ठरवल्या. फोमच्या काढून त्या घालायच्या.
ऋचा वैतागली. "आई, गाद्या बघायला कोण येतंय?"

२२ नोव्हें., शनिवार
आली ना बघायला. तिची सासूच.
वऱ्हाड दुपारी आलं. विहीणबाई, नलिनीताई, खोलीत शिरल्या आणि आधी बॅगा न्हाणीघरात ठेवायला लावल्या. मी चहाचं विचारायला मागोमाग गेले, तर बाई गुडघ्यांवर बसलेल्या, गादीचा कोपरा उलटा केलेला. जन्मभर आरोग्यखात्यात फिरतीची नोकरी, गावोगावचे लॉज. कुठेही टेकण्याआधी बॅगा लांब ठेवून गादी बघायची सवयच.
"बाई, इकडे या. पाहा."
शिवणीत एक. तांबूस.
जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि तरी, खोटं कशाला लिहू, मी बघतच राहिले. केवढा चपटा! दोरा जेमतेम जाईल अशा जागेत आरामात शिरला. महिनोन् महिने उपाशी राहतो, हे दरवर्षी वर्गात सांगते, पण आज पहिल्यांदा खरं वाटलं. नलिनीताईही थक्क. "काय जीव घडवला जी देवानं!" दोघी विहिणी पलंगाशी गुडघे टेकून. हात जोडायचे तेवढे बाकी.
मग भानावर आले. म्हटलं, "हॉटेलच्या गाद्या स्वच्छ होत्या हो. मी स्वतः बघितल्या. या आम्ही आणल्या, तुमचा मान म्हणून..." बाईंनी गादीचा कोपरा परत खाली केला.
"कोनाले सांगू नका. आमच्या जाऊबाईले कळलं तर तुमच्या पोरीले जन्मभर ऐकावं लागन. लेकीलेही नाही सांगायचं. कबूल?"
कबूल केलं. त्या बाहेर गेल्या आणि सगळ्या वऱ्हाडासमोर खणखणीत आवाजात, "मले कापसाच्या गादीवर झोप येत नाही! साऱ्या खोल्यांतल्या उचला. हॉटेलच्याच टाका!"
वऱ्हाड हसलं, आमच्याकडचे चिडले, "केवढा हा तोरा!" बाईंनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि आल्याचा चहा मागितला.

२३ नोव्हें., रविवार
लग्न छान झालं. अक्षता टाकताना सारखं लक्ष नलिनीताईंकडे. असं माणूस असतं?
पंगतीत नणंद, "खाष्ट आहे हो विहीण. आपल्या ऋचाचं कसं व्हायचं!" ऋचाने ऐकलं. निघताना गळ्यात पडून कानात म्हणाली, "आई, मला भीती वाटते त्यांची." अगदी ओठांवर आलं होतं. नलिनीताई पलीकडेच उभ्या. "चांगल्या आहेत गं," एवढंच म्हणाले. हे कुठली आई म्हणत नाही? तिचा विश्वास बसला नाही. रडत गेली.

२५ नोव्हें., मंगळवार
हे पेपरमागून, "गाद्यांवरून एवढा तमाशा?" मी जीभ आवरली. ज्या बाईची आरती ओवाळावी तिला घरात सगळे नावं ठेवतायत आणि मी भेंडी चिरतेय.
मांडववाल्याला फोनवर झापलं. त्याचं शांतपणे, "बाई, त्या गाद्या कालच दुसऱ्या लग्नाला गेल्या." आता कुठल्या विहिणीच्या नशिबी...

२७ नोव्हें., गुरुवार
अमरावतीहून ऋचाचा फोन. आवाज दबका.
"आई, सासूबाईंच्या खोलीत गेले होते. त्या रोज कापसाच्याच गादीवर झोपतात. चांगली जाड. मग तिकडे असं का केलं?"
मी विचारलं, जेवलीस का.
"आई, आपल्या गाद्यांत काही होतं का?"
पोरगी माझीच. बघितल्याशिवाय विश्वास ठेवायची नाही. हो म्हणावं तर शब्द मोडला, नाही म्हणावं तर त्या बाईंवर अन्याय. म्हटलं, "त्यांनाच विचार."
मग फोन तसाच चालू ठेवून ती चालत कुठेतरी गेली. दार वाजलं. तिची हाक ऐकू आली, "आई, आत येऊ?"
मला नव्हती ती. मी फोन ठेवला.