दोराच्या वरच्या टोकाविषयी

परभणी, दि. १४ मे १९७३

सत्यशीला, तू पिंगळीला माहेरी गेल्यापासून मी एक ओळही लिहिली नाही, क्षमा कर. रोजनिशीही कोरीच आहे. आता लिहितो ते मृत्युपत्र.

मी, सूर्यभान तुकाराम खंदारे, वय त्रेचाळीस, बी.ए., शहराच्या पिण्याच्या विहिरींचा गाळ काढणाऱ्या टोळीचा मुकादम, शुद्धीवर आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहितो. (दडपण नाही, हे खरे का? ठेकेदार भगवानराव म्हणाले, उद्या विहीर साफ झाली नाही तर टोळी बंद. तुझा भाऊ रंगनाथ लगेच उतरायला उभा राहिला. म्हणून मी उतरतो.)

पत्र्याचे घर व भांडी तुला.

पितळी पेला किशनराव यांना. उद्याची विहीर त्यांच्या दारापुढेच आहे. तिच्या तळातून वर आलो की ते आमच्या ओंजळीत वरून पाणी ओततात. पुढच्या माणसाला या पेल्यातून द्यावे. यात राग नाही असे लिहिले होते; खोडले. आहे.

कंदील टोळीला. माणसाआधी तो खाली सोडतात. विझला तर खालची हवा विषारी; कोणी उतरत नाही. गेल्या महिन्यात मी दुसऱ्या विहिरीवर असताना तो विझला. भगवानराव म्हणाले, "वारं हाय. उतरा." तुझा थोरला भाऊ भुजंग उतरला. दोर धरणाऱ्याने सारखे बोलत राहायचे आणि खालच्याने उत्तर द्यायचेच, ही आमची रीत. दोर धरलेला तुझा दुसरा भाऊ नागनाथ वरून म्हणाला, "दादा, वयनीनं आजबी पिठलंच दिलंय." खालून आले, "तू नको खाऊ मग." पुढच्या हाकेला उत्तर नाही. दोर ओढायचा सोडून नागनाथ त्याच दोराने खाली गेला. रंगनाथला टोळीतल्या दोघांनी धरून ठेवले, म्हणून तो आहे. आठवड्याने गाव त्याच विहिरीवर पाणी भरू लागले. कोणी नावे विचारली नाहीत.

उद्या दोर रंगनाथच्या हाती असेल. त्याला माझे शेवटचे सांगणे: मी उत्तर दिले नाही तर दोर ओढावा. अडकला तरी ओढत राहावे. खाली उतरू नये. भ्याला म्हणणाऱ्यांना हा कागद दाखवावा. सत्यशीलाचा एकच भाऊ उरला आहे. तो तिच्यासाठी ठेवून जातो.

त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "सही न्हाई करत, दाजी. तुमी खालून बोलत रहा."

सही: सूर्यभान तुकाराम खंदारे
साक्षीदार: धुरपताबाई, गाळाच्या टोपल्या ओढणाऱ्या (अंगठा)
साक्षीदार: रंगनाथ (सही नाही)

उद्याचे काम: दोर रंगनाथच्या हाती द्यायचा नाही; हा कागद देऊन त्याला सकाळच्या गाडीने पिंगळीला, तुझ्याकडे धाडणे.