प्लास्टरच्या आतला पाय

सुरत, मंगळवार, १२ सप्टेंबर १९६७

नलूचा मोडलेला पाय सकाळी प्लास्टरमध्ये घातला. संध्याकाळी शाळेतून आले तर पोरगी रडत होती. "आई, पाय आत मावत नाहीये गं." बोटे निळसर, गार. हे म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, पहिला दिवस दुखणारच."

दुखणे वेगळे. बोटे गार का?

इतकी वर्षे मी मुलींना खेकडा शिकवते आहे. सांगाडा बाहेर, स्नायू त्याला आतून चिकटलेले, पाय वाकतो तो फक्त सांध्यातल्या मऊ पडद्यापाशी. कवच ताणले जात नाही. अंग वाढले की खेकडा ते उकलून बाहेर येतो. नलूचा पाय सुजतो आहे आणि कवच आम्ही चढवले आहे. तिने कुठून बाहेर यावे?

"खेकड्याचं शास्त्र पोरीला लावू नकोस," हे म्हणाले.

बोटे पुन्हा दाबून पाहिली. नखाखाली लाली परतेना. म्हटले, "टांगा आणा, नाहीतर मी कात्री घेते." तेव्हा हे उठले.

डॉक्टर जेवायला बसत होते. बोटे पाहताच त्यांनी प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरले. चिरताच ते आपोआप बोटभर फाकले. बऱ्याच वेळाने नलूने अंगठा हलवला.

डॉक्टर माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, "सारुं थयुं, बरं झालं, साहेब, वेळेवर आणली. सकाळपर्यंत थांबला असता तर पाय गेला असता."

हे म्हणाले, "मला शंका आलीच होती."

नलूसमोर बोलायचे नव्हते, म्हणून टांग्यात मी गप्प बसले. आता ती झोपली आहे.